कारखान्यातून आलेलं आडनाव

आडनावं गावावरून पडतात, धंद्यावरून पडतात, कधी एखाद्या पूर्वजाच्या पराक्रमावरून नाहीतर खोडीवरून. स्टँडअप कलाकार आणि अभिनेत्री जेमी लिव्हरचं आडनाव साबणावरून पडलेलं आहे.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या बोल्टन गावात. तिथल्या एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा विल्यम लिव्हर. भाऊ जेम्सला बरोबर घेऊन त्याने १८८५ च्या सुमारास साबण करायला घेतला आणि त्याला ‘सनलाइट’ असं नाव दिलं. १८८८ मध्ये या साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. पुढे हिंदुस्तानात कंपनी आली, कारखाने आले, मुंबईतल्या हजारो घरांची चूल त्या कारखान्यांवर पेटू लागली. त्यातलं एक घर धारावीत राहणाऱ्या एका तेलुगू कुटुंबाचं होतं. या घरातला थोरला मुलगा म्हणजे जॉन प्रकाश राव जनुमाला. जन्म १४ ऑगस्ट १९५७, गाव कनिगिरी, आजच्या आंध्र प्रदेशातलं. शाळा सातवीपर्यंत. पुढे घरच्या ओढगस्तीमुळे सुटली ती सुटलीच. मग रस्त्यावर पेन विकणं. तेही नुसतं ‘पेन घ्या पेन’ असं नाही, सिनेमातल्या नटांच्या आवाजात आणि त्यांच्या चालीने. वडील हिंदुस्तान लिव्हरमध्ये कामाला होते, तिथेच हा मुलगाही मजूर म्हणून लागला. शंभर शंभर किलोचे ड्रम हलवायचं काम, सहा वर्षं केलं.

कंपनीच्या एका कार्यक्रमात या मजुराने वरच्या साहेबांच्या नकला केल्या. साहेब समोर बसलेले. साहेबाची नक्कल साहेबाच्या पाठीमागे कोणीही करतो. ती समोर करून नोकरी टिकवणं हे वेगळं कसब आहे. कामगार खूश झाले आणि त्या दिवसापासून जॉनचा ‘जॉनी लिव्हर’ झाला. १९८१ मध्ये नोकरी सुटली, नाव राहिलं.

आता या नावाकडे जॉनीच्या मुलीच्या, म्हणजे जेमीच्या, बाजूने पाहायला हवं. बापाने आधी हसवलं, मग नाव मिळालं. ती मजुरी होती, रोख. मुलीला नाव जन्मताच मिळालं, हसवणं पुढे कधीतरी फेडायचं. म्हणजे उलटा व्यवहार. प्रसिद्ध घरातल्या मुलांबद्दल बोलताना ‘वारसा’ हा शब्द फार सहज वापरला जातो. विनोदाच्या धंद्यात तो वारसा बराचसा उधारीसारखा असतो.

घरात सुरुवातीला या धंद्याला पाठिंबा नव्हताच. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचा मुलांच्या शिक्षणाबद्दलचा हट्ट कसा असतो, हे सांगायला नको. मुलांनी शिकावं, पदव्या घ्याव्यात, नोकऱ्या कराव्यात, असा त्या घराचा आग्रह होता. जेमीने तो पाळलाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठातून मार्केटिंग कम्युनिकेशनची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तिथेच बाजार संशोधनाच्या एका संस्थेत मार्केटिंगची नोकरी धरली. गंमत अशी, की जे आडनाव मुंबईत उच्चारलं की समोरच्याच्या ओठांचे कोपरे आपोआप वर जातात, ते घेऊन ती अशा देशात गेली जिथे ते नुसतंच एक आडनाव आहे, आणि मुळात तिथलंच आहे. बोल्टनहून निघालेलं नाव धारावीला वळसा घालून लंडनच्या एका कचेरीत परत आलं होतं.

ते तिथे फार दिवस रमलं नाही. २०१२ च्या सुमारास जेमी मुंबईत स्टँडअप करू लागली.

तिने सुरुवात केली ती जागा मुद्दाम सांगण्यासारखी आहे: लोअर परळचं कॉमेडी स्टोअर. लंडनच्या प्रसिद्ध कॉमेडी स्टोअरची ही मुंबईतली शाखा २०१० मध्ये फिनिक्सच्या आवारात उघडली. फिनिक्स म्हणजे एकेकाळची कापड गिरणी. जिथे भोंगा वाजला की पाळी बदलायची, तिथे आता तिकीट काढून लोक इंग्रजीत हसायला येत होते. बापाचा पहिला प्रेक्षक कारखान्यातला कामगार. मुलीचा पहिला प्रेक्षक बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमधला नोकरदार. मुंबईचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहास या दोन प्रेक्षकांमध्ये मावतो. (आणि जॉनीच्या नकलांना हसलेल्या कामगारांची नातवंडं त्या मॉलमध्ये काम करत असतील, हेही शक्य आहे.)

स्टँडअपचा क्लब आणि बापाचा रंगमंच यांत फरक काय, हे नीट पाहिलं पाहिजे, नाहीतर ‘घरातच शिकली’ या वाक्यावर सगळं संपतं. जॉनी लिव्हर घडले ऑर्केस्ट्राच्या रात्रींत. गायक दोन गाणी म्हणून विंगेत गेला की पुढचा गायक येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं मिमिक्रीवाल्याची. लोक आलेले असतात गाण्यांसाठी. त्यांना थोपवून धरायचं, हसवायचं आणि वेळेवर बाजूला व्हायचं. याला ‘आयटम’ म्हणतात. आयटम पडला तर लोक गाण्यासाठी ओरडू लागतात आणि पुढच्या कार्यक्रमाला आयोजक दुसऱ्या कुणाला बोलावतो. प्रताप जानी आणि राम कुमार हे त्या काळातले मिमिक्रीचे दादा लोक, त्यांच्याकडून जॉनी शिकले. पुढे कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांतून देशभर आणि परदेशात फिरले. ‘हँसी के हंगामे’ ही कॅसेट निघाली आणि त्यांचा आवाज पानाच्या टपऱ्यांपर्यंत, एसटी स्टँडवरच्या कँटीनपर्यंत पोचला. ज्यांनी त्यांना पाहिलं नव्हतं त्यांनीही ऐकलं होतं.

क्लबात असं काही नसतं. तिथे गाणं नाही, कुणाच्या मधल्या वेळात यायचं नाही. लोक हसायलाच आलेले असतात आणि त्यामुळेच जास्त कडक असतात. नवख्याला मिळतात पाच मिनिटं. समोर अंधार, मागे विटांची भिंत नाहीतर पडदा, हातात एक माइक. वेळ संपत आली की मागून दिवा दाखवतात. पाच मिनिटांत हशा आला नाही तर ती पाच मिनिटं किती लांब असतात, ते फक्त उभ्या असलेल्याला कळतं. सिनेमात विनोद फसला तर संकलक कात्री चालवतो, मागे संगीत टाकतो, समोरच्या नटाचा चेहरा दाखवतो. इथे झाकायला काही नसतं.

अशा जागी निवेदकाने ‘जेमी लिव्हर’ असं नाव पुकारलं की काय होत असेल, त्याचा अंदाज करणं अवघड नाही. लोक सावरून बसतात. टाळ्या थोड्या जास्त पडतात. ही झाली मिळकत. पण त्याच क्षणी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक चेहरा येतो: ‘बाजीगर’मधला विसराळू बाबूलाल, ‘करण अर्जुन’, ‘दुल्हे राजा’, दोन फिल्मफेअर पुरस्कार, तीनशेच्या वर चित्रपट. पाच मिनिटांच्या कलाकाराची तुलना पाच मिनिटांच्या दुसऱ्या कलाकाराशी न होता चाळीस वर्षांच्या कामाशी होते. अनोळखी मुलीचा एक विनोद फसला तर लोक पुढच्याची वाट पाहतात. या मुलीचा फसला तर लोक शेजाऱ्याकडे बघतात. आडनावाची सवलत आणि आडनावाचा दंड एकाच खिडकीवर मिळतो, आणि बहुतेक वेळा एकाच संध्याकाळी.

यातून सुटण्याच्या वाटा वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काढल्या आहेत. अमेरिकेतला चार्ली मर्फी हा एडी मर्फीचा थोरला भाऊ. धाकटा भाऊ जगप्रसिद्ध झालेला असताना त्याने हे नातं लपवायच्या ऐवजी तेच भांडवल केलं. डेव्ह शॅपेलच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो एडीबरोबर फिरताना भेटलेल्या मोठ्या लोकांचे किस्से सांगायचा. प्रसिद्ध भावाच्या सावलीत उभा असलेला माणूस काय काय पाहतो, हाच त्याचा विषय झाला आणि त्यावर त्याने स्वतःचं नाव कमावलं. आपल्याकडे विनोदी नट जगदीप यांच्या मुलाची गोष्ट वेगळी. वडिलांचं पडद्यावरचं नाव नुसतं ‘जगदीप’, मुलगा जावेद जाफरी. नाव ऐकून वडिलांनी रंगवलेला सूरमा भोपाली आठवायचं काही कारणच नाही. १९८५ च्या ‘मेरी जंग’मध्ये लोकांनी त्याला आधी नाचताना पाहिलं, नातं नंतर कळलं. जेमीला ही दोन्ही दारं बंद होती. नातं लपवता येण्यासारखं नव्हतं, कारण आडनाव म्हणजेच ते नातं. आणि केवळ त्या नात्याचे किस्से सांगून भागवावं असंही तिच्या कामात दिसत नाही. तिने बापाचंच हत्यार उचललं, मिमिक्री, आणि ते दुसरीकडे वळवलं.

कुठे वळवलं, तो या लेखाचा खरा विषय.

ऑर्केस्ट्राच्या काळापासून आपली मिमिक्री ही मुख्यतः पुरुषांनी केलेली पुरुषांची नक्कल राहिली. अशोक कुमार, राज कुमार, शत्रुघ्न सिन्हा हे आवाज आले नाहीत तर तो मिमिक्रीवालाच नव्हे. बाईचा आवाज यायचा तो पातळ, किनरा करून, आणि हसू यायचं ते ‘पुरुष बाईसारखं बोलतोय’ या एका गोष्टीवर. कोणती बाई, तिच्या बोलण्यात नेमकं काय, याच्याशी घेणंदेणं नाही. जेमीच्या कामात बायका अशा ठोकळेबाज येत नाहीत. तिची फराह खान ही फराह खानच असते: समोरच्याला आडवं घेणारी, वाक्य पुरं व्हायच्या आत निकाल देणारी. तिच्या आशाताई म्हणजे आशा भोसले, त्यांच्या बोलण्यातला लाडिक हेल, मध्येच येणारं खट्याळ थांबणं. गाण्याची नक्कल गळा असलेल्या कुणालाही थोडीफार जमते. बोलण्याची नक्कल करायला माणूस कुठे श्वास घेतो आणि कोणत्या शब्दाआधी अडखळतो, हे टिपावं लागतं. २०२० च्या टाळेबंदीत सगळी नाट्यगृहं, क्लब, ऑर्केस्ट्रा बंद असताना तिचे हे छोटे व्हिडिओ मोबाइलवरून घरोघरी फिरले. बापाला कॅसेटने जे दिलं ते लेकीला मोबाइलने दिलं. फरक इतकाच, की कॅसेट ऐकणाऱ्यांना चेहरा दिसत नव्हता, आणि मोबाइलवर पाहणाऱ्यांना आडनाव वाचायची फुरसत नव्हती. अंगठा वर सरकायच्या आत हसू आलं तर ठीक. तिथे नातं उपयोगी पडत नाही.

मात्र यात एक अवघड जागा आहे. जॉनी लिव्हर कारखान्यात साहेबांची नक्कल करत होते, ती खालून वर पाहून. साहेब वेगळ्या जगातला, त्याचं आपलं काही नातं नाही. जेमी ज्यांची नक्कल करते त्यातले बरेच लोक तिच्या बापाचे सहकारी. याच धंद्यात तिला काम करायचं आहे, उद्या यांच्यापैकी कुणाच्या सेटवर उभं राहायचं आहे. अशी नक्कल धारदार किती करायची? तिच्या नकला पाहताना जाणवतं की ती टोचते, पण रक्त काढत नाही. काहींना हे पुचाट वाटेल. पण बहुरूप्यापासून सोंगाड्यापर्यंतची आपली परंपरा पाहिली तर पाटलाच्या वाड्यात पाटलाची खोड काढून वर बिदागी घेऊन जाणं, हेच त्या कलेचं मर्म होतं. जेमीही त्याच तारेवर चालते; वाडा तेवढा बदलला आहे.

सिनेमातला तिचा प्रवास या मानाने सावकाश झाला. २०१३ मध्ये सोनीवरच्या ‘कॉमेडी सर्कस के महाबली’मध्ये ती दिसली. २०१५ मध्ये ‘किस किस को प्यार करूं’ हा कपिल शर्माचा पहिला चित्रपट आला, जेमीचाही तो पहिलाच. दिग्दर्शक अब्बास-मस्तान. याच जोडीने बावीस वर्षांपूर्वी, १९९३ मध्ये, ‘बाजीगर’ केला होता आणि त्यातल्या बाबूलालमुळे जॉनी लिव्हर घराघरात गेले होते. बाबूलाल घरातला नोकर. ‘किस किस को’मध्ये जेमीला मिळालेली भूमिका चंपाची, घरकाम करणाऱ्या बाईची. बावीस वर्षांत देश बदलला, दूरदर्शन जाऊन मोबाइल आला, लेक लंडनहून पदवी घेऊन आली. हिंदी सिनेमाने विनोदी नटासाठी राखून ठेवलेली जागा मात्र स्वयंपाकघराच्या दारातच राहिली. हा दोष जेमीचा नाही. भूमिका तिने चोख केली. पण आडनाव दरवाजा उघडून देतं असं म्हणताना तो कोणत्या खोलीचा, हेही विचारायला हवं.

पुढचा मोठा चित्रपट २०१९ मध्ये आला, ‘हाउसफुल ४’. त्यात बाप-लेक दोघंही आहेत आणि पडद्यावरही बाप-लेकच. मधली चार वर्षं मुख्यतः रंगमंचाची: देशातले, परदेशातले कार्यक्रम, वडिलांबरोबरचे दौरे. नंतर २०२१ मध्ये ‘भूत पोलिस’, २०२३ मध्ये ‘पॉप कौन’ ही मालिका, त्यातही वडील बरोबर होतेच. ही यादी वाचून कुणाला वाटेल की घरचीच माणसं घेऊन फिरतायत. तसं म्हणायला जागा आहे. पण विनोदी भूमिका करणाऱ्या बायकांची हिंदी सिनेमातली परंपरा काढून पाहा. शुभा खोटे या नंदू खोटे यांच्या कन्या, दुर्गाबाई खोटे यांच्या पुतणी, विजू खोटेंच्या भगिनी. त्यांची मुलगी भावना बलसावर, आणि ‘जबान संभाल के’ या मालिकेत आई-मुलगी दोघीही. गुड्डी मारुती या मारुतीराव परबांच्या कन्या. एका पिढीने दुसरीला हाताला धरून आणल्याची ही उदाहरणं मराठी घरांतली आहेत आणि आपण ती कौतुकाने सांगतो. शुभाताई तर तरुणपणी पोहण्यात आणि सायकल शर्यतीत राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या. त्यांनाही सिनेमात ‘खोटे’ या आडनावाची मदत झालीच नसेल, असं म्हणता येणार नाही. पण ‘सीमा’ या चित्रपटापासून पुढची कारकीर्द आडनावाने केली नाही.

सवलतीचा हिशोब तरीही प्रामाणिकपणे मांडायला हवा. लिव्हरांच्या घरात मिमिक्री ही रोजच्या जेवणासारखी आहे. काका जिमी मोझेस मिमिक्री करणारे, धाकटा भाऊ जेसी रंगमंचावर उभा राहणारा, वडील मुंबईच्या मिमिक्री कलाकारांच्या संघटनेचे अध्यक्ष राहिलेले. कोणता आवाज कुठे फसतो, हशा विझायच्या आत पुढचं वाक्य कधी टाकायचं, हे सांगायला घरातच तीन-चार माणसं. कल्याण-डोंबिवलीहून येणारा मुलगा ओपन माइकवर दोन तास वाट पाहून पाच मिनिटं घेतो आणि शेवटची कर्जत लोकल चुकू नये म्हणून दुसऱ्यांचे विनोद ऐकायलाही थांबत नाही. त्याला आपलं काय चुकलं ते सांगणारं कुणी नसतं. चुकांचा अर्थ लावून देणारी माणसं मिळणं ही या धंद्यातली मोठी इस्टेट आहे, पैशांहून आणि ओळखींहून मोठी, आणि जेमीला ती आयती मिळाली. हे तिच्याविरुद्ध नाही. पण हे न सांगता तिच्या कष्टांचं वर्णन केलं तर ते अर्धं होईल.

उलट बाजूने असंही आहे की घरातला परीक्षक बाहेरच्याहून कडक असतो. ज्या माणसाने रस्त्यावर पेन विकण्यासाठी आवाज काढले, त्याच्यासमोर ‘बरा झाला आयटम’ हे वाक्य मिळवणं सोपं नसावं. पेन विकताना नक्कल फसली तर पेन विकलं जात नाही, इतका साधा तो हिशोब होता. ज्याच्या कानाला तो हिशोब बसला आहे, त्याला लेकीच्या विनोदातली ढिलाई सर्वांत आधी ऐकू येणार.

२०२४ मध्ये जेमीने ‘आ ओक्कटी अडक्कु’ हा तेलुगू चित्रपट केला, तिचा त्या भाषेतला पहिला. कनिगिरीहून निघालेलं घर धारावीत आलं, तिथे हिंदीत हसवू लागलं, इंग्रजी आडनाव लावून लंडनपर्यंत जाऊन आलं, आणि दुसऱ्या पिढीत तेलुगू सेटवर येऊन उभं राहिलं. श्रेयनामावलीत मात्र जनुमाला लिहिलेलं नव्हतं. तिथेही लिव्हरच होतं.